निळ्या रेघेची प्लेट

लॉइड मॅकनिशबरोबर हॉटेलात जेवायला जाणं म्हणजे चारचौघांत फजिती करून घेणं, असं त्याची बायको आर्लीन गावभर सांगत असे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. समोर भरलेली प्लेट आली की हा गडी आधी ती डोक्याच्या वर उचलायचा आणि मान वाकडी करून तिचा तळ वाचायचा. कुठल्या कारखान्याची, कुठल्या साली भाजलेली, हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. दोनदा गरम ग्रेव्ही चष्म्यावर सांडली, तरी खोड गेली नाही. माणसाने चाळीस वर्षं टपाल वाटलं आणि निवृत्त झाल्यावर हॉटेलांच्या जुन्या प्लेट्स गोळा करायला घेतल्या. आता त्याच्या घरात तळघरापासून माळ्यापर्यंत चिनी मातीच थप्प्या लावून बसली होती. "दोन हजार प्लेट्स आहेत घरात," आर्लीन म्हणायची, "आणि मी बापडी कागदाच्या प्लेटमध्ये जेवते. का, तर ह्यांच्या लाडक्यांना काट्याचा ओरखडा नको!"

वॉरेन्स बेंडमध्ये असे वेडे वीसेक तरी होते. गावातली ऑल्डरसन पॉटरी बंद पडून तेवीस वर्षं झाली होती, पण तिच्या प्लेट्स काही मरायला तयार नव्हत्या. जाड अंगाच्या, गुबगुबीत काठाच्या, फरशीवर पडल्या तरी नुसता आवाज करून गप्प राहणाऱ्या. आगगाडीतली, इस्पितळातली, नाक्यावरच्या खानावळीतली लाखो माणसं त्यांच्यावर जेवून गेली, पण त्या बनवणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. लॉइड आणि त्याच्यासारख्या वेड्यांच्या मंडळाने आता तेच काम हाती घेतलं होतं, आणि त्यासाठी एप्रिलमध्ये मेळावा भरवायचा होता.

म्हणून मार्चमधल्या एका सकाळी लॉइड मिली बलाझच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मिली त्र्याहत्तर वर्षांची. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. ऑल्डरसनमध्ये तिने एकतीस वर्षं रेघा ओढल्या होत्या. प्लेटच्या काठाला जी एक जाड आणि एक बारीक रेघ असते ना, ती यंत्राने येते असं पुष्कळांना वाटतं. ती बायका ओढायच्या. प्लेट फिरत्या चाकावर ठेवायची, ब्रश टेकवायचा, श्वास रोखायचा, आणि चाकाच्या एका फेऱ्यात रेघेचं शेपूट तिच्या तोंडाला नेमकं मिळवायचं. दिवसाला शंभर डझन.

"तुम्ही फक्त दाखवायचं, मिसेस बलाझ," लॉइड म्हणाला. "भाषणबिषण काही नाही."

"हात थरथरतो रे आता. रेघ कसली, साप निघेल."

"निघू दे. लोक तुम्हाला बघायला येणार आहेत."

"मला बघण्यासारखं काय राहिलंय? थोडा आधी यायचं होतंस, पन्नासेक वर्षं."

लॉइड हसला. मिलीही खुशीत होती. एकतीस वर्षांत फोरमनखेरीज कुणी तिच्या रेघेबद्दल विचारलं नव्हतं, आणि फोरमन विचारायचा तो वाकडी गेली तरच. तिने त्याच्यापुढे अक्रोडाच्या रोलचा दुसरा तुकडा सरकवला आणि येते म्हणून सांगून टाकलं.

तेव्हा लॉइडने पिशवीतून एक गठ्ठा काढला. आधी टॉवेल, मग फ्लॅनेलचा शर्ट, मग वर्तमानपत्र. आतून निघाली ती हस्तिदंती रंगाची जेवणाची प्लेट. काठाला एक जाड रेघ, एक बारीक. दोन्ही निळ्या.

"यंग्सटाउनचं टॉलिव्हर ग्रिल," तो हळू आवाजात म्हणाला, जणू प्लेट झोपली होती. "त्यांच्या सगळ्या प्लेट्सवर काळ्या रेघा. निळ्या फक्त तेरा सापडल्यात. आमच्या मंडळात हिच्यापायी सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. ग्रिलच्या वरच्या मजल्यावर लग्नाच्या पंगती उठायच्या म्हणे, खास त्यांच्यासाठी ह्या."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे... सगळ्यांनाच माहीत आहे. आणि हे बघा." त्याने प्लेट उलटी केली. कारखान्याच्या शिक्क्याच्या बाजूला, तळाच्या कडेशी, एक इवलासा आकडा होता, मासे धरायच्या गळासारखा. प्रत्येक रेघवालीची अशी एकेक खूण असायची, म्हणजे माल बिघडला तर कुणाच्या हातून ते लगेच कळे. मिलीची खूण दोन ठिपके. "ही खूण कुणाची, ते शोधायला मला दोन वर्षं लागली. फिलोमेना स्पाराचिनो! स्टूबेनव्हिलला असते. फोन केला मी. येतेय मेळाव्याला. आम्ही तिचा सत्कार करणार आहोत, तेराही प्लेट्स मांडून. तुम्ही ओळखत असालच तिला?"

"ओळखत होते," मिली म्हणाली.

लॉइड गेल्यावर तिने त्याचा कप धुतला, पुसला, आणि पुसलेला पुन्हा धुतला. ती प्लेट फिलोमेनाची नव्हती. तळाचा आकडा फिलोमेनाचा होता हे खरं, पण तो काढला होता मिलीने, आणि वरच्या दोन्ही निळ्या रेघाही मिलीच्याच.

झालं होतं असं. एक्कावन्न सालचा ऑक्टोबर. मिली बावीस वर्षांची, फिलोमेना तिच्याहून वर्षाने लहान. दोघींचे बाक शेजारी शेजारी, दोघींचा डबा एकत्र, आणि दोघींच्या गप्पांना फोरमन क्राट्झ इतका वैतागलेला की त्याने मध्ये फळी ठोकली, तर ह्या फळीवरून बोलायच्या. फिलोमेनाचा एमिल सैन्यात भरती झाला होता. एका मंगळवारी दुपारी पिट्सबर्गहून त्याची गाडी सुटणार होती, आणि क्राट्झ रजा देणाऱ्यातला नव्हता. त्या दिवशी मिलीची पाळी नव्हती. फिलोमेनाने हातापाया पडून तिला गळ घातली. मिलीने तिचा रुमाल डोक्याला बांधला, तिचा ॲप्रन चढवला आणि दाराकडे पाठ करून तिच्या बाकावर बसली. पाठीवरून कोण ओळखतो? दुपारी चाळीस डझन प्लेट्स तिने हातावेगळ्या केल्या आणि प्रत्येकीच्या तळाशी इमानाने मैत्रिणीचा आकडा काढला.

काम टॉलिव्हर ग्रिलचं होतं, काळ्या रेघांचं. आता काळा आणि निळा हे दोन रंग भट्टीत जाण्यापूर्वी सारखेच दिसायचे, चुलीतल्या राखेसारखे. कपांवर नाव लिहिण्याची रीत नव्हती. काळ्याचा कप उजवीकडे, निळ्याचा डावीकडे, हे बोटांना पाठ. मिलीच्या बोटांनी उजवीकडचा कप उचलला. बोटांना काय ठाऊक, की फिलोमेना डावखुरी आहे आणि तिच्या बाकावर सगळा संसार उलटा मांडलेला असतो!

दोन दिवसांनी भट्टी उघडली तेव्हा चाळीस डझन प्लेट्स निळ्याशार निघाल्या. ग्रिलचं उद्घाटन तोंडावर आलेलं. नव्या बनवायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी तशाच नेल्या, पण शिव्या घालून नेल्या. क्राट्झने एक प्लेट उलटी करून आकडा पाहिला आणि सगळ्या खात्यासमोर फिलोमेनाला उभं केलं. "काळा आणि निळा कळत नाही तुला?" मी इथे नव्हतेच, एवढं म्हटलं असतं तर ती त्या चुकीतून सुटली असती. पण मग दोघींनाही त्याच दिवशी दार दाखवलं गेलं असतं. मिलीचे वडील पत्र्याच्या गिरणीत पाय गमावून घरी बसलेले, मागे चार भावंडं, कमावती ही एकटी. फिलोमेनाने फळीवरून एकदा मिलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कप चुकला माझा." क्राट्झने तिला तिथल्या तिथे काढून टाकलं, आणि त्याच संध्याकाळी तिने ॲप्रन उतरवून ठेवला.

मिली उभी राहिली नाही. ब्रश हातात धरून बसून राहिली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण चार दिवसांनी फिलोमेना तिच्या घरी आली. मिलीने वरच्या खिडकीतून तिला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि तिचं धाबं दणाणलं. आता ही जाब विचारणार! फिलोमेनाने तीनदा दार वाजवलं, हाक मारली. भावंडं वडिलांना घेऊन इस्पितळात गेली होती, घरात त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. मिली जिन्यात बसली, गुडघ्यांत डोकं घालून, पावलं दूर जाईपर्यंत. पुढल्या महिन्यात कळलं की फिलोमेना स्टूबेनव्हिलला मावशीकडे गेली. मिलीने दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. मग लग्न, मुलं, नवऱ्याचं आजारपण, ह्यात वर्षं गेली. स्टूबेनव्हिल गाडीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर. पन्नास वर्षांत तिने तो रस्ता एकदाही धरला नाही.

मेळाव्याला तीन आठवडे होते. पहिला आठवडा तिने आजारी पडायचं ठरवण्यात घालवला. दम्याचं सांगावं की गुडघ्याचं, एवढाच प्रश्न होता. दुसऱ्या आठवड्यात लॉइडने छापील पत्रक आणून दिलं. त्यावर निळ्या प्लेटचं चित्र, आणि खाली: "फिलोमेना स्पाराचिनो यांनी नववधूंसाठी खास योजलेली निळी रेघ." वाचून मिलीला आधी हसू आलं, आणि मग इतकं रडू आलं की तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. जिच्या अंगावर ह्या प्लेट्स फेकून तिला घालवलं, तिलाच आता टाळ्या वाजवून त्या दाखवणार. तिने हसून उभं राहायचं. आणि मिलीने शेजारी बसून रेघा ओढून दाखवायच्या. छे. एकदा जिन्यात लपले तेवढं पुरे झालं, असं तिने स्वतःला बजावलं. फिलोमेनापुढे उभं राहायचं आणि सांगायचं. मग तिने थोबाडीत दिली तरी चालेल.

एप्रिलमधला शनिवार उजाडला. सेंट सिरिल चर्चच्या तळघरात टेबलं मांडली होती आणि चाळीस-पन्नास माणसं त्यांच्यावरच्या प्लेट्स उलट्यासुलट्या करून बघत होती. नव्या माणसाला वाटावं, भांडी घासायला आलेत आणि घाण सापडत नाहीये. आत स्वयंपाकघरात चर्चच्या बायका बटाटा भरलेल्या करंज्यांसारखे पिरोगी उकळत होत्या. मधल्या टेबलावर पांढऱ्या कापडावर तेरा निळ्या प्लेट्स, पाठीला काड्या लावून उभ्या केलेल्या.

मिलीला चाकापाशी बसवलं होतं. ती ब्रशाचे केस ओले करत होती, तेवढ्यात जिन्यावरून फिलोमेना उतरली. केस पांढरे, कमरेत जरा वाकलेली, कठडा डाव्या हाताने धरलेला. एवढ्या वर्षांत मिलीने मनातल्या मनात तिच्याशी किती बोलणी केली होती, पण त्या सगळ्या बोलण्यांतली फिलोमेना एकवीस वर्षांची होती. ही म्हातारी बाई बघून मिलीने ओला ब्रश तसाच कपात सोडला. फिलोमेनाने खोलीभर नजर फिरवली, ती मिलीवर आली, थांबली. मान किंचित हलली. तेवढ्यात लॉइडने तिला हाताला धरून पुढे नेलं.

लॉइडने भाषण केलं. त्याला भाषण नको असतं ते दुसऱ्यांचं. मातीचा इतिहास झाला, भट्ट्यांचा झाला, आर्लीनने मागून दोनदा घड्याळ दाखवलं, तेव्हा कुठे गाडी निळ्या रेघेवर आली. "आणि आज आपल्यात ती रेघ ओढणारी बाई हजर आहे! आम्हा सगळ्यांना एकच विचारायचंय. निळा रंग सुचला कसा?"

फिलोमेनाने तेरा प्लेट्सकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. जुन्या शाळेच्या वर्गाकडे बघावं तशी ती बघत होती.

"सुचला कसला," ती म्हणाली. "माझा कप चुकला."

"म्हणजे... नववधू?" लॉइडने केविलवाण्या आवाजात विचारलं.

"नववधू कुठल्या आल्यात. काळ्याऐवजी निळ्यात ब्रश घातला. फोरमनने हाकलून दिलं मला त्यासाठी. त्याचा सत्कार करताय तुम्ही, गंमतच आहे."

लोक हसले. तीही हसली. पन्नास वर्षांपूर्वीचं खोटं तिने जसंच्या तसं, एकही टाका न उसवता पुन्हा सांगितलं होतं. मिलीकडे बघितलंसुद्धा नाही. मिली उठली. खुर्ची मागे पडली, तिने उचलली नाही.

"तिचा नाही चुकला," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाली, "तिचा नाही. माझा चुकला. ती त्या दिवशी कामावर नव्हतीच. मी तिच्या जागी बसले होते. ह्या सगळ्या माझ्या हातच्या आहेत, खालचा आकडासुद्धा मीच काढलाय. तिने माझ्यासाठी नोकरी गमावली आणि मी तोंड उघडलं नाही. आज उघडतेय. उशीर झालाय, मला कळतंय."

बीव्हर फॉल्सचा रॉय नावाचा एक गृहस्थ खाकरला. त्याच्याकडे तेरातल्या तीन प्लेट्स होत्या. "मग यादीत हे कुणाच्या नावाखाली लिहायचं? आणि मित्रांनो, चुकीची खूण, चुकीचा रंग, म्हणजे ही तर दुप्पट दुर्मीळ..."

"रॉय," आर्लीन म्हणाली, "खाली बस आणि पिरोगी खा."

गलका झाला. लॉइड आपलं पत्रक हातात घेऊन असा उभा होता, जणू त्याला पत्ता न सापडल्याने परत आलेलं पत्र मिळालंय. मिलीने त्या गर्दीतून फिलोमेनाला शोधलं, तर ती पाठ फिरवून स्वयंपाकघराच्या दारातून आत चालली होती. ती मागोमाग गेली.

बायकांनी शेवटची परात बाहेर नेली होती. फिलोमेना मोरीच्या कट्ट्याला टेकून उभी होती. मिली दारातच थांबली.

"एवढ्या लोकांपुढे कशाला बोललीस?" फिलोमेना म्हणाली. "गप्प बसली असतीस तर कुणाचं काय अडलं होतं?"

"तू परत माझ्यासाठी खोटं बोललीस."

"मी खोटं नाही बोलले. चूक माझीच होती."

"तुझी? तू पिट्सबर्गला होतीस, फिलो!"

"माझे कप उलटे असायचे." फिलोमेनाने आपला डावा हात वर केला, जणू तो हातच गुन्हेगार होता. "तुला बसवताना ते सांगायला विसरले. एमिलची गाडी चुकेल म्हणून पळत सुटले. काळा डावीकडे आहे, एवढंच सांगायचं होतं, मिली. तीन शब्द. आयुष्यभर घोकतेय मी ते. माझ्यामुळे तुझी नोकरी जायची वेळ आली होती, बाप तुझा तसा घरात पडलेला..."

मिलीला नीट ऐकू येतंय की नाही, तेच तिला कळेना. "तू... तू मला दोष देत नव्हतीस?"

"तुला कशाला? मीच माफी मागायला आले होते तुझ्या घरी. तीनदा दार वाजवलं. वरचा पडदा हलला. म्हटलं, आहे घरात, पण माझं तोंड बघायचं नाहीये तिला. बरोबर आहे तिचं. म्हणून गेले निघून."

मिलीने दाराची चौकट धरली. "मी जिन्यात बसले होते. मला वाटलं, तू भांडायला आलीस. लाज वाटत होती गं. राग कसला येणार मला तुझा? मी लाजेने उघडलं नाही."

"लाजेने," फिलोमेना म्हणाली.

"हो."

"आणि मी मूर्ख पन्नास वर्षं समजते, रागाने."

बाहेर कुणीतरी प्लेटवर नखाने टिचकी मारून तिचा नाद ऐकत होतं. फिलोमेनाने डोळे पुसले, मग शेजारचा टॉवेल उचलून मिलीपुढे धरला, कारण मिलीला पुसायचं भानच नव्हतं. ती हमसून हमसून रडत होती. त्र्याहत्तराव्या वर्षी माणूस असं रडतं तेव्हा ते बघवत नाही, पण फिलोमेना बघत राहिली आणि तिचा खांदा थोपटत राहिली.

"आणि दुसरं एक सांगायचं होतं त्या दिवशी," थोड्या वेळाने ती म्हणाली. "एमिलने स्टेशनवर विचारलं मला. जहाजावर चढायच्या आधी त्याला दहा दिवस मिळणार होते, त्यात लग्न उरकायचं होतं. मी तुला विचारायला आले होते, करवली होऊन माझ्या बाजूला उभी राहशील का म्हणून."

मिलीने टॉवेल तोंडावरून खाली घेतला. "मग कोण उभं राहिलं?"

"मामेबहीण. तिचे बूट चावत होते, सबंध वेळ एका पायावर होती. फोटोत बगळ्यासारखी दिसते."

"एमिल कसा आहे?"

"गेला. सहा वर्षं झाली. चांगला होता गं. परत आला लढाईतून, हेच नशीब. तुझी आठवण काढायचा. त्या एका दुपारच्या भेटीवर आपला संसार झाला, म्हणायचा, ती दुपार मिलीची."

मिलीने कोपऱ्यातली उलटी ठेवलेली बटाट्यांची पेटी ओढली आणि तिच्यावर बसली. "मला सगळं सांग," ती म्हणाली. "लग्नाचं. पहिल्यापासून सांग. झगा कुठला होता, माणसं किती होती. कुकीजचं टेबल कुणी मांडलं?"

आमच्या वॉरेन्स बेंडकडे लग्नात केक एकवेळ लहान चालतो, पण कुकीजचं टेबल भरगच्च लागतं. आया, मावश्या, मैत्रिणी महिनाभर भाजत असतात आणि जिची तिची प्लेट त्या टेबलावर लागते. जिची नसेल, तिची आठवण सगळे काढतात.

"आईने मांडलं," फिलोमेना म्हणाली. "घाई झाली होती, पण आपल्या बायका ऐकतात का! जाळीदार पातळ पिझ्झेल होत्या, लिंबाच्या होत्या, अंजिराच्या. एमिलच्या आत्याने खसखशीच्या आणल्या, त्या जळल्या होत्या, तरी मधोमध ठेवायला लागल्या. आणि टेबलाच्या टोकाला एका प्लेटची जागा रिकामी होती."

"ती का?"

"आईला मी सांगून ठेवलं होतं ना. मिलीच्या अक्रोडाच्या येतील, जागा ठेव म्हणून. ती बिचारी येणाऱ्या प्रत्येकीला हटकत होती, तिथे नको ठेवू, तिथे मिलीच्या यायच्यात."

मिलीने वर पाहिलं. "कुठवर ठेवली जागा?"

"केक कापेपर्यंत," फिलोमेना म्हणाली. "मग मामीने तिथे आपली पर्स ठेवली."